इस्त्रीच्या पँटीतले तीन गुण

साठे मैदानात यायचे ते इस्त्रीच्या पँटीत. दुबईच्या पुढे उम्म अल कुवैनला आमच्या कंपनीच्या यार्डामागे वाळूचं मैदान होतं. तिथे कंटेनरच्या सावलीत खुर्ची टाकून ते संत्रं सोलत बसायचे. हाक आली की संत्रं खुर्चीवर ठेवायचे, चालत जायचे, एक लाथ, चेंडू खांबांमधून पार; आणि परत येऊन उरलेल्या फोडी. घाम नाही की धूळ नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमच्या ड्रिलिंग कंपनीच्या अमेरिकन मॅनेजरनं आम्हाला त्याच्या देशाचा फुटबॉल शिकवला होता. लांबुळका चेंडू पोटाशी धरून, समोरच्यांना रेटत पलीकडच्या रेषेपार न्यायचा, सहा गुण. नाही जमलं तर लांबूनच दोन उंच खांबांमधून लाथेनं मारायचा, तीन. साठे क्वालिटी डिपार्टमेंटला होते, पुण्याचे, पन्नाशीला टेकलेले, आणि त्यांचा पाय चुकत नसे. मी समोरच्या टीमचा कॅप्टन. आम्ही गुडघे फोडून घ्यायचो आणि जिंकायचे साठे.

गंमत म्हणजे हे त्यांनाच जास्त खुपायचं. मॅनेजरच्या घरी तिकडच्या व्यावसायिक सामन्यांच्या टेप्स लागल्या की ते उसळायचे. "बघ, प्रोफेशनल लोकांतही हेच! बाकीचे मर मर मरतात आणि हा एक जण येतो, पाय लावतो, चाललाच. खांबांमधलं अंतर कमी करा. नाहीतर किक चुकली की समोरच्यांना गुण द्या. खेळ पळणाऱ्याचा की लाथ मारणाऱ्याचा, ठरवा एकदा!"

"साठेसाहेब, तुमचंच दुकान बंद होईल."

"होऊ दे की. बसल्या जागी मिळालेलं गोड लागत नाही यार."

त्या उन्हाळ्यात मी त्यांना दुबईत, ऊद मेथाजवळ एका डॉक्टरांकडे नेलं होतं. परत गाडीत बसल्यावर बराच वेळ ते एसीच्या जाळीसमोर हात धरून होते. "हार्ट आहे. पळायचं नाही म्हणतो. किक चालेल का विचारलं, तर हसला." मग म्हणाले, "कुणापाशी बोलू नकोस. कंपनीच्या कानावर गेलं तर मेडिकली अनफिट, व्हिसा खलास. पोरगी बारावीत आहे रे."

मी बोललो नाही. बोललो ते भलतंच.

सीझनच्या आधी नियम ठरवायची मीटिंग झाली, तेव्हा मी प्रस्ताव मांडला: नुसती लाथ मारायला कोणी आत येणार नाही, किकरनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्यांबरोबर मैदानात राहायचं. मॅनेजर खूश झाला. सगळ्यांनी साठ्यांकडे पाहिलं, साठ्यांनी माझ्याकडे. एका वाक्यात ते सुटले असते. पण ते वाक्य बोलायची त्यांना सोय नव्हती, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. गुडघ्याचं निमित्त काढून ते बाहेर बसतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. मला एकदा जिंकायचं होतं, इतकंच.

"करेक्ट रूल आहे," साठे म्हणाले. "मीच ओरडत होतो ना? आता माझ्यावर आला म्हणून नको कसा म्हणू?"

पहिल्या शुक्रवारी हवा ओली, जड होती. समुद्र दिसतच नव्हता. साठे हाफ पँटमध्ये आले. "अरे, हिलाही इस्त्री!" कुणीतरी ओरडलं. ते हसले. त्यांची मुलगी कुरकुरत होती, "बाबा, यू डोन्ट इव्हन रन फॉर द लिफ्ट!"

"यल्ला, चल, बस तिथे," असं म्हणून त्यांनी न सोललेलं संत्रं तिच्या हातात दिलं.

खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात चेंडू माझ्याकडे आला, समोर मोकळी वाळू होती, आणि आडवे आले ते साठे. मला बाजूनं जाता आलं असतं, थांबता आलं असतं. मी सरळ गेलो. त्यांनी मला कमरेला घट्ट धरलं, मी त्यांना काही पावलं ओढत नेलं. "सोडणार नाही, लेका," ते धापा टाकत म्हणाले. मग हात आपोआप सुटले. वळून पाहिलं तर ते वाळूत कुशीवर होते आणि मुलगी धावत येत होती, संत्रं मुठीत तसंच.

हॉस्पिटलपर्यंत ते पोचले नाहीत.

महिन्याभरानं मॅनेजरनं आम्हाला बोलावलं. तो नियम काढून टाकायचा का, असं त्यानं विचारलं. साठ्यांच्या जवळचा म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. काढा म्हटलं असतं तर का, हा प्रश्न आला असता, आणि तो त्या डॉक्टरांपर्यंत गेला असता.

"राहू द्या," मी म्हणालो. "साठेसाहेबांना पसंत होता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.