मधला माणूस काढताना

आर्वीचं घर मी ज्याच्या हाती सोपवलं, तो बाबांचा विद्यार्थी. रोहण्याहून शाळेला यायचा आणि पाच वर्षं दुपारी आमच्याकडे जेवला. पुढे त्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि त्याच टेबलावरून घरं भाड्यानं लावून द्यायचं काम सुरू केलं. आईबाबा गेले तेव्हा मी अमरावतीत नोकरीला. तो म्हणाला, ताई, तुम्ही काहाले चकरा मारता, मी आहो ना. मी विरघळलेच.

स्टँपपेपरवर करार झाला. भाडेकरू आणणं, भाडं घेणं, डागडुजी, बोलणंचालणं, सगळं त्याच्यामार्फत. वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी स्वतः वर्गात पोरांना शिकवते. पण बाबांच्या विद्यार्थ्यासमोर बसून कागद वाचायचा, म्हणजे मला त्याचा अपमान वाटला. डोळे झाकून सही केली.

भाडेकरू त्यानंच आणले. नवरा एसटीत कंडक्टर, बायको अंगणवाडीत, एक मुलगी. माणसं कशी आहेत विचारलं की म्हणायचा, बरी आहेत, पण जरा तुसडी. घरमालक आलेला त्यांना आवडत नाही. मी ते तीन वर्षं खरं मानलं. त्या काळात दोनदा लग्नांसाठी आर्वीला गेले आणि स्वतःच्या घरावरून ऑटोत मान खाली घालून गेले. शहाणी बाई मी.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. भाडेकरू सोडून जातो म्हणतात, एक बँकेतले साहेब तयार आहेत, दिवाळीपर्यंत घर मोकळं करून देतो. मी बरं म्हटलं. दोनच दिवसांनी अनोळखी नंबर वाजला. भाडेकरू बाई होती. शेजारणीकडून माझा नंबर मिळवला होता. म्हणाली, तुम्हाला घर स्वतःसाठी पाहिजे असं भाऊंनी सांगितलं, पण पोरगी दहावीला आहे, मार्चपर्यंत तरी राहू द्या. मला घर नको होतं आणि तिला सोडायचं नव्हतं. मधला माणूस दोघींनाही शेंडी लावत होता.

भाचा वकील आहे. त्यानं कागद वाचून सांगितलं की एजंटचा करार वेगळा, भाडेकरूचा वेगळा. एजंटला लेखी कळव, चावी आणि डिपॉझिटची पावती ताब्यात घे आणि भाडेकरूशी थेट अकरा महिन्यांचा नवा करार कर. त्याला काढलं म्हणून त्यांना जावं लागत नाही. दोन्ही कागद त्यानंच टाइप करून दिले. मी रविवारी सकाळच्या एसटीत बसले.

बाईनं ओसरीत खुर्ची टाकली, पदरानं पुसली आणि स्वतः उभी राहिली. नवराही उभा. आमच्याकडे दारात आलेल्या परक्याच्याही हातात आधी पाण्याचा गिलास येतो, मग विचारपूस. इथं विचारपूस होऊन गेली, ऊन पायांवर आलं, तरी पाणी येईना. शेवटी मीच मागितलं. ती नवऱ्याकडे पाहू लागली.

"तुमाले चालते काय आमच्या घरचं?" तिनं विचारलं.

मला समजेना. मग तिनं सांगितलं. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्याच्या घरात देवी उभी राहते त्या मालकाला पहिलं बोलावणं, असं तिच्या सासूचं सांगणं. पहिल्या वर्षी तिनं माझ्यासाठीचं बोलावणं एजंटकडे दिलं, दुसऱ्या वर्षीही दिलं. आंबिलीपासून पुरणापर्यंत वाढलेलं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं. दोन्ही वेळा तो निरोप घेऊन आला, की ताई तुमच्यासारख्यांच्या घरी जेवत नाहीत. तिसऱ्या वर्षी तिनं बोलावलंच नाही. हे सगळं मुलीसमोर झालं होतं, तेही तिनं सांगितलं.

मी उभ्या उभ्या दोन गिलास पाणी प्यायले. रडू आलं नाही, संताप आला. घराबद्दल खोटं बोलला, ते मी समजू शकत होते. नवा भाडेकरू म्हणजे नवी दलाली, धंदा आहे त्याचा. पण माझं नाव घेऊन त्यानं एका बाईला तिच्याच दारात खाली पाहायला लावलं होतं. ज्याला मी घरचा समजत होते, त्यानंच केसानं गळा कापला होता.

तशीच दुकानात गेले. तो कुणाचं तरी रेशनकार्ड लॅमिनेट करत होता. मी करार संपवल्याचा कागद टेबलावर ठेवला. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही केली आणि चावी नि पावती काढून दिली. बँकेतल्या साहेबांबद्दल मी विचारलंच नाही. मी एवढंच म्हटलं, जेवणाचं ते काऊन सांगितलंस?

"खोटं काय सांगतलं, ताई? पाच वर्सं तुमच्या घरी जेवलो मी. ओसरीत. माही ताटली वेगळी, मीच धुवाची आन् खुंटीजवळ पालथी ठेवाची. तुमी तिथंच अभ्यास करत बसत होत्या. मले वाटलं, तुमीई तशाच असान."

यातलं किती खरं आणि किती त्याच्या सोयीचं, ते मला आजही ठरवता येत नाही. मार्चपर्यंतही थांबू न देता त्यांना घराबाहेर काढणारा हाच होता. पण ताटली खरी होती. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, काठाला पोचा आलेली. आईनं ती वेगळी ठेवली. बाबा वर्गात समतेवर तासभर बोलून घरी यायचे आणि त्या ताटलीजवळून आत जेवायला जायचे. मीही पाहत होते आणि आयुष्यभर सांगत आले, की तो आमच्या घरी जेवून मोठा झाला. त्या टेबलाशी उभं असताना मला त्याचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त आला.

दुकानातून परत घरी येऊन मी नवा करार बाईपुढे ठेवला. यापुढे मधे कोणी नाही, घर तुमच्याकडेच राहील, म्हटलं. तिचा चेहरा सैल झाला. पेन हातात घेऊन तिनं विचारलं, "भाऊ खोटंच बोलले ना, ताई?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. माझ्याबद्दल खोटं बोलला, मी म्हटलं, पण या घराच्या रीतीबद्दल नाही. मग याच ओसरीतल्या ताटलीचं सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे पाहू शकले नाही. मुलगी पुस्तक घेऊन आतल्या दारात येऊन उभी होती.

बाईनं एकदा मुलीकडे पाहिलं.

"आता मले इथं राह्याची इच्छा नाई, ताई," ती म्हणाली. "पोरीची दहावी तेवढी होऊ द्या."

कागदावर अकरा महिने टाइप केलेलं होतं. तिनं ते खोडून वर मार्चअखेर असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. खोडाखोडीशेजारी मी सही केली.