गायिका अज्ञात

आईला लकवा मारला आणि तिचं बोलणं गेलं. ओठ हलतात, पण बाहेर येते ती नुसती घरघर. नवेगाव बांधच्या घरी ती दिवसभर खाटेवर बसून दाराकडे पाहत असते. तिला तसं पाहिलं की मला एकच आठवायचं, हिचं गाणं कुठेतरी आहे. काही वर्षांपूर्वी भाषांचा ऑनलाइन संग्रह करणारी माणसं ऐन रोवण्यात गावात आली होती. चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायांची गाणी त्यांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून रेकॉर्ड केली, आणि सगळ्यांत पुढे आई गात होती. घरात तिचा आवाज कोणाजवळच नाही. आमच्या फोनमध्ये लग्नांचे, वाढदिवसांचे ढीगभर व्हिडिओ, आणि प्रत्येकात आई मागे, गप्प, नाहीतर भांडी घासताना.

मग बसले शोधत. गोंदियाला शाळेत शिकवून घरी आलं की चहा बाजूला आणि ती साइट पुढ्यात. कपाळ माझं! भाषा निवडा म्हणे, आणि यादीत आमची झाडीबोली नाहीच. मराठी निवडली तर आख्खा महाराष्ट्र अंगावर आला, त्यात कोणाचं तरी सत्काराचं भाषणसुद्धा. ‘रोवणा’ टाकलं, काही नाही. ‘धान’ टाकलं तर भलत्याच राज्यातल्या पाककृती. एक पान मागे गेलं की निवडलेलं सगळं पुसून जायचं, करा पुन्हा पहिल्यापासून. आईचं नाव टाकलं, बाबांचं टाकलं, नवेगाव टाकलं. काहीच नाही. ज्यानं हे बनवलं त्यानं एकदा स्वतःच्या आईला यात शोधून दाखवावं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो गोंदियाचाच, समजूत काढायची तर हिंदीत काढतो. म्हणाला, "छोड ना, नहीं मिलेगा." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

रविवारी आईकडे गेले तेव्हा शेजारची काकू बसली होती. तीही त्या दिवशी रोवण्यात होती. माझी कटकट ऐकून घेतली आणि पान लावता लावता म्हणाली, "तिचं नाव कोनं सांगतलं त्यायले? आमी तं चिचगडवाली गाऊन राहिली म्हून सांगतलं."

आमच्याकडे सुनेला गावात कोणी नावानं हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली, त्या गावाची वाली. आईचं माहेर चिचगड. आणि हे माझ्या डोक्यात इतके दिवस येऊ नये!

तिथेच बसून फोनवर चिचगड टाकलं आणि सापडलं. ‘गायिका: अज्ञात. गाव: चिचगड.’ अज्ञात म्हणे! जन्म गेला तिचा नवेगावच्या चिखलात, त्या नवेगावचा पत्ता नाही. फोन तिच्या कानाशी धरला. तिचाच खणखणीत आवाज, मागे चिखलातून पाय काढल्याचा आवाज. ती ऐकत राहिली आणि तिचा चांगला हात मांडीवर ठेका धरू लागला. मी रडले, सरळ सांगते.

मग संग्रहवाल्यांना लिहिलं. तिचं नाव घाला, गाव बदला, आणि तिची वाचा गेली आहे म्हणून मी, तिची मुलगी, लिहिते आहे. उद्या नातवंडांनी शोधलं तर आजी नावानं सापडू दे, एवढंच मागणं होतं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, फार नम्र. नोंदीत बदल करायचा असल्यास गायिकेनं स्वतःच्या आवाजात आपलं नाव व संमती सांगितल्याचं ध्वनिमुद्रण जोडावं.

माझं पत्र कोणी पुरतं वाचलंच नव्हतं. पुन्हा लिहून काय उपयोग? मी फोन सुरू करून आईच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "माय, तुझं नाव सांग."

तिचे ओठ हलले. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मान ताठ करून, डोळे मिटून. जे आलं ते मी तसंच त्यांना पाठवून दिलं.