पुंजारामचा दुखण्याचा तक्ता

सातपूरच्या एका कारखान्यात पुंजाराम पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचा. एक्क्याऐंशी साली जड साचा उचलताना कमरेत चमक भरली, ती काही गेली नाही. दोन वर्षांत गोळ्या झाल्या, पट्टा झाला, एक्स-रे झाले. एक्स-रेत काही दिसेना, तेव्हा सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "नाटकं करतो." ते त्याला कमरेपेक्षा जास्त लागलं.

शेवटी कंपनीच्या डॉक्टरनं त्याला शहरातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मुदत दोन महिन्यांची. बाईंनी लिहून दिलं तर मालाच्या तपासणीचं बसून करायचं काम, नाहीतर पुन्हा प्रेस, तेही जमलं नाही तर घर. पुंजाराम भडकलाच. मला काय वेड लागलंय? पण बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे. ते पुरतं जाईल असं मी सांगत नाही. त्याच्यासोबत जगायचं कसं, ते शिकू." दोन वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. बिचाऱ्याला भरून आलं.

बाईंनी सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. दुखो न दुखो, वीस मिनिटं काम झालं की घड्याळ बघून टेकायचं, हे शिकवलं. आणि एक तक्ता दिला. रोज तीनदा, दुखणं शून्य ते दहात किती, ते लिहायचं.

इथंच माशी शिंकली. प्रेसवर तासातासाला किती नग निघाले त्याचं कार्ड भरावं लागे, आणि जुने कामगार ते पाळी सुरू होतानाच एका दमात भरून टाकत. आकडा घसरला की सुपरवायझर डोक्यावर येऊन बसे, म्हणून कार्ड छानच दिसायला हवं. पंधरा वर्षांची सवय! पुंजाराम सोमवारी सकाळीच आठवड्याचा तक्ता भरून मोकळा व्हायचा. श्वासानं आठाचं सात होई, हे खरं. पण इतक्या भल्या बाईंना नुसतं सात दाखवायची त्याला लाज वाटे. मग तो लिही सहा, चार, दोन.

आठव्या आठवड्यात बाईंनी हसत कागद पुढे केला. नेहमीच्या कामाला हरकत नाही. पुंजारामचं तोंड उतरलं. सोबत बायको होती, सुलाबाई. ती म्हणाली, "बाई, आज सकाळी यांच्या पायात बूट मी घातले. वाकताच येत नाय यांना."

मग पुंजारामनं सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. कागद फाडला. पण "बसून काम द्या, एवढं तरी लिहा" असं तो म्हटल्यावर त्यांनी भरलेले तक्ते त्याच्यापुढे सरकवले.

"कशाच्या आधारावर लिहू, पुंजाराम? तुमचे सात आठवडे माझ्याकडे नाहीतच. मुदत वाढवा म्हणून कळवते. ऐकतील की नाही, सांगता येत नाही."

बसथांब्यावर सुलाबाईनं कोरा तक्ता त्याच्या हातात दिला. "आत्ता किती?"

त्यानं आठ लिहिलं. पहिला खरा आकडा, आणि मुदत सोमवारी संपत होती.