भरतीच्या शॉटमधली बायको

यवतमाळची एक पोरगी कपाशीवर फिल्म बनवायला आमच्या वावरात आली होती. सोबत कॅमेरावाला. मला वावराच्या कडेला धुऱ्यावर खुर्ची टाकून दिली, सदऱ्याला माइक लावला आणि बोला म्हणाली. मी बोललो. बोंडअळी, फवारणी, रानडुकरं, सगळं.

बायको तिकडं कापूस वेचून राह्यली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मग कॅमेरावाला म्हणाला, आता काकूंचे थोडे शॉट घेतो, भरतीला. भरती म्हणजे काय, मी विचारलं. त्यानं सांगितलं, मुख्य म्हणजे तुमचं बोलणं. पण नुसतं तुमचं तोंड लोक किती वेळ पाहतील? म्हणून मधामधात हात, बोंडं, चालणं असं टाकायचं. आवाज तुमचाच राहतो. मला ते पटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बायको गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेली, झाकून घरी आणली. भिंतीवरचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे, त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. चालतीफिरती ती फक्त त्या फिल्ममध्ये. मोबाइलवर लावली की ती वेचते आणि वरून मी बोंडअळी सांगत असतो. एका ठिकाणी तिचे ओठ हलतात. तिथंही मीच. तिचा आवाज कसा होता ते मला नीट आठवेना, म्हणून एसटीनं यवतमाळला गेलो.

पोरीला म्हटलं, माझं बोलणं काढ अन् खालचं तिचं दे. ती म्हणाली, काका, भरतीच्या शॉटचा आवाज आम्ही वापरतच नाही, वाराच असतो त्यात. पाह्य तर खरं, म्हटलं. तिनं मूळ शूटिंग शोधून लावलं.

वाराच होता. मग डोक्यावर गाठोडं घेऊन बायको येताना दिसली. कॅमेरावाला म्हणतो, काकू, परत या. ती मागं गेली, परत आली. अजून एकदा म्हणाला, नेहमीसारखं चाला. ती थांबली. गाठोडं खाली टाकलं.

"भाऊ, हे वझं आता तुमी घ्या. मी कॅमेरा धरतो. अन् त्यायले म्हना, बोलनं झालं असन तर या इकडं. अर्धं वावर वेचाचं हाय."

त्यायले म्हणजे मला. नाव तिनं कधी घेतलं नाही. मी तेव्हा दूर धुऱ्यावर पोरीला रानडुकरं सांगतच होतो, तेही मागून ऐकू येत होतं.

पोरगी हसली, मग माझ्याकडं पाहून तिनं शूटिंग थांबवलं. म्हणाली, शेवटचं बोलणं तेवढं वेगळं कापून देते.

"कापू नको. तिचं येणंजाणं सगळं दे."

मागचा माझा आवाज तेवढा काढता येते का, विचारलं. तिनं दोनचार बटणं दाबून पाहिली. दोघांचा आवाज कॅमेऱ्याच्या एकाच माइकात गेला आहे, म्हणाली. तुमचा काढला की काकूंचाही खराब होतो.

"मंग राहू दे," म्हटलं.