टोपीतले केस

"याचे केस टोपीबाहेर येतात साहेब, ड्रिलमध्ये अडकतील," असं मी फोरमनसाहेबांना सांगितलं. ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते ठाऊक होतं.

ते केस जिचे, ती माझ्या मावशीचं लेकरू. गावात सगळे तिला मुलगाच समजत, मीही. सत्तरच्या दशकात ती मराठवाड्यातून आमच्याकडे पिंपरीला आली तेव्हा सतरा वर्षांची होती. मी ज्या कंपनीत होतो तिथे माझ्या शब्दावर तिला ॲप्रेंटिस म्हणून घेतलं. तिचे केस मानेवर रुळत. त्या काळात पोरं केस वाढवायचीच, म्हणून "काय हिरो, पिक्चरमध्ये चाललास का?" यापलीकडे कुणी काही म्हणत नसे. मशिनवर उभं राहायच्या आधी ती सगळे केस वर बांधून टोपीत कोंबायची.

एका रविवारी बायको माहेरी गेली होती. आम्ही दोघं मेथी निवडत होतो.

"दादा, मी पोरगी हाय," ती म्हणाली. "पहिल्यापासनं."

मी हसलो. ती हसली नाही.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

शेजारच्या मशिनवरच्या पोराला माहीत होतं. दापोडीत त्याच्या अब्बांचं गॅरेज होतं. "त्यो म्हणला, केस कापू नको. टोपीकडं मी बघत जाईन." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला की मी मेथीच्या जुडीकडे पाहू लागलो.

नंतर कारखान्यात माझं लक्ष जाऊ लागलं. भोंगा झाला की तो तिच्या टोपीभोवती नजर फिरवायचा. एखादी बट निसटली असेल तर पेन्सिलीच्या टोकाने आत सारायचा, कारण बोटांना तेल असायचं. मग म्हणायचा, "चल, चालू कर." एवढंच.

मला भीती वाटली. कॉलनीत काय बोलतील, मावशीला काय सांगू, कंपनीत माझ्या शब्दाला काय किंमत राहील. केस गेले की हे सगळं आपोआप मिटेल असं मी धरून चाललो आणि साहेबांकडे गेलो.

साहेबांनी दोघांना बोलावलं.

"टोपी नीट असते साहेब," पोरगा म्हणाला. "मी रोज बघतो."

"तू कशाला बघतोस रे?"

मागे कुणीतरी खिदळलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोस्ताला सांभाळून घेतोय तो."

दुपारी गेटबाहेरच्या न्हाव्याने तिचे केस कापले. मी शेजारी उभा होतो. पोराला दुसऱ्या शिफ्टला टाकलं. ती सुटायची तेव्हा तो आत शिरायचा. काही दिवस गर्दीत दोघं एकमेकांना शोधत. मग "टोपी बघायला आला का भावा?" असं पोरं रोजच चिडवू लागली, तेव्हा तो मान खाली घालून जाऊ लागला. महिनाभरात ती न सांगता निघून गेली. मावशी शेवटपर्यंत मला विचारत राहिली. मला काही माहीत नाही, असं मी दर वेळी म्हणालो.

सात-आठ वर्षांनी दापोडीत, रुळांलगतच्या एका गल्लीत ती मला दिसली. अंगावर साडी, पाठीवर विरळ झालेली वेणी. ब्लाउज शिवून पोट भरत होती. छातीचं दुखणं जुनं होतं आणि गोळ्या तिने मध्येच सोडल्या होत्या. गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण तो लग्न करून केव्हाच आखातात गेला होता.

चहा पुढे सरकवून ती म्हणाली, "त्या दिवशी टोपी सरकली असंल माझी. मीच घाई केली असंल. माझ्यापायी त्याची शिफ्ट गेली, दादा. तू कशाला खोटं बोलशील?"

मी कप खाली ठेवला.

"टोपी नीट होती," मी म्हणालो. "एकही केस बाहेर नव्हता. मी खोटं बोललो. तुझं काही चुकलं नव्हतं, त्याचंही नाही. मला माफ कर, बाई."