धुराड्याला आग आणि मिठाचा घोळ

आज सकाळी आमटीत मीठ घालताना सौदीतल्या अल खफजीतला एक शुक्रवार आठवला... आणि एकटाच हसत बसलो. तेलाच्या तेजीचे दिवस होते, मी तिथे कॅम्पमध्ये इलेक्ट्रिशियन होतो.

रूममध्ये माझ्यासोबत दाऊदचाचा होते, रत्नागिरीकडचे गवंडी. तीन वर्षं घरी गेले नव्हते, धाकटी लेक अजून फोटोतच पाहिलेली... सुट्टीच्या कागदावर कफीलची, म्हणजे आमच्या अरब मालकाची, सही तेवढी राहिली होती. म्हणून मला सोबतीला घेऊन त्याच्या घरी गेले.

जानेवारीचा बोचरा वारा होता. म्हाताऱ्या कफीलने बैठकीतली शेकोटी पेटवली होती. ती शेकोटी आणि तिचं धुराडं चाचांनीच बांधलेलं, त्यामुळे आधी कौतुक झालं, मग कहवा आला.

कफीलने खिशातून पेन काढलं... आणि धुराड्यात घूं घूं सुरू झालं. आतल्या काजळीने पेट घेतला होता, आणि वर लाकडी छत!

कफील पाण्याची बादली घेऊन धावला. चाचांनी चक्क त्याचा हात धरला.

"पानी नको! तापलेली वीट फुटंल!" मग आतल्या आचाऱ्याला ओरडले, "रशीद, मीठ आण, मीठ!" त्यांची आई गावी हेच करायची. धुराडं पेटलं की विस्तवावर खडं मीठ आणि तोंडाशी ओलं गोणपाट.

पण रशीद लखनौचा! डबा घेऊन धावत आला, चाचांनी दोन मुठी टाकल्या... आणि जाळ आणखीच भडकला. बैठकभर जळक्या पाकाचा वास. मी डब्यात बोट घालून चाटलं तर साखर! बिचाऱ्याने 'मीठा' ऐकलं होतं.

नशिबाने मला मिठाचा बाजारातला अरबी शब्द आठवला. "मिल्ह! रशीद, मिल्ह!"

आता सगळ्यांनाच कळलं. कफील स्वतः स्वयंपाकघरात पळाला. चाचांनी मिठाची अख्खी पिशवी विस्तवावर रिकामी केली, शेकोटीच्या तोंडाशी ओलं गोणपाट दाबून धरलं... आणि हळूहळू ते घूं घूं थांबलं.

चाचा काजळीने माखून मान खाली घालून उभे होते. चिमणी त्यांचीच ना! मला वाटलं, गेली सुट्टी.

कफीलने धुराडं हाताने चाचपून पाहिलं. एक वीट हलली नव्हती. मग त्याचं लक्ष साखरेच्या डब्याकडे गेलं आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "खलास," म्हणजे झालं काम, असं म्हणाला आणि सही ठोकली.

दोन महिन्यांनी चाचा परत आले ते लाडवांचा डबा घेऊन. रशीदच्या हातात देत म्हणाले, "हे घे. ह्याला मीठा म्हनतात, बाबा."

लेक म्हणे तीन दिवस जवळ येईना, मग कडेवरून उतरेना. आजही मीठ हातात घेतलं की मी मनातल्या मनात 'मिल्ह' म्हणतो, आणि त्या एका शब्दाचे आभार मानतो.