छबुबाईची बदकं

नांदूरघाटच्या छबुबाईला घाण खपत नाही, हे सगळ्या आळीला माहीत आहे. साठी उलटली तरी अंगण ती स्वतः झाडते. कोंबड्या मात्र तिने लग्न होऊन आल्यापासून पाळल्या. त्यांची घाण कोरडी, राख टाकली की झाडूने निघते, असं तिचं म्हणणं. गावरान अंड्यांसाठी लोक तिच्याच दारात येत.

गेल्या फाल्गुनात तिचा मुलगा बंकट टेम्पो घेऊन माजलगावला गेला होता. येताना धरणाकाठच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने पाच बदकं आणली.

"माय, ह्यांचं अंडं कोंबडीपरीस मोठं असतं. आन सारखी खुडूक बी बसत न्हाईत."

"हगतात किती, ते इचारलंस का?" छबुबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अंगण ओळखू येईना. प्रत्येक घासाला बदकांना चोच बुडवायला पाणी लागे. घमेल्यातल्या पाण्याचा गाळ करायचा, तो भोवती सांडायचा आणि त्यातच फतकल मारून बसायचं. पातळ, हिरवट घाण थेट पायरीपर्यंत. माशा घोंगावत. कोंबडी भुशाच्या पाटीत अंडं घालून ओरडून सांगते तरी; ही बदकं पहाटे चालता चालता चिखलात टाकून मोकळी. छबुबाई नाकाला पदर लावून, दोन बोटांनी ते उचलून धुवायची. सून तेजश्रीने एकदा त्याची पोळी केली. पहिल्याच घासाला छबुबाईला शेवाळाचा वास आला आणि ती उठून न्हाणीत गेली.

चैत्रात टँकर आठ दिवसांनी येऊ लागला. पाण्याचा हौद तिचा आणि शेजारच्या मंजुळाबाईचा सामाईक होता. एका संध्याकाळी छबुबाईच हौदावर पत्रा टाकायचं विसरली. सकाळी पाहते तर पाचही बदकं आत पोहत होती. पाण्यावर पिसं होती आणि बाकीचंही सगळं.

घागर घेऊन आलेली मंजुळाबाई जागीच थांबली. "छबुबाई, हे पाणी आता आमी प्यावं का?"

छबुबाईने घरातलं भरलेलं पिंप मंजुळाबाईला देऊन टाकलं. मग बादल्यांनी हौद उपसला, आत उतरून चुन्याने घासला. घासताना पदर नाकावर घट्ट बांधला होता. वर येताच तिने सुग्रीवला फोन लावला. सुग्रीव तिच्या पुतण्याचा मित्र, त्याच्या रानात शेततळं होतं.

"रविवारी येऊन बदकं ने. फुकट ने. मला त्यांचं तोंड बगायचं न्हाई."

शुक्रवारी कोंबड्यांच्या माना वाकड्या होऊ लागल्या. मानमोडी आली होती. यंदा लस टोचायची राहून गेली होती. रविवारपर्यंत बारांतल्या अकरा गेल्या. छबुबाईने बंकटकडून खड्डा खणून घेतला, चुना टाकून त्या पुरल्या. बदकांना काहीच झालं नव्हतं. ती न्हाणीच्या पाण्यात चोची खुपसत होती.

सुग्रीव डालगं घेऊन आला तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"कावून काकू? तुमालाच किळस येत होती न्हवं?"

"येती. लई येती. पर दारात गिऱ्हाईक आलं तर काय देऊ?"

तिने परसाच्या टोकाला, न्हाणीचं पाणी जातं तिथे डबकं करून घेतलं आणि भोवती काटेरी कुंपण घातलं. बरेच जण बदकाचं अंडं पाहून परत गेले. पण गल्लीतली वनमाला घरी वाढदिवसाचे केक करायची. या अंड्यांनी केक छान फुगतो असं म्हणत ती आठवड्याला पंधरा नेऊ लागली. एकदा तिने एक तुकडा आणून दिला.

"खाऊन बगा, वास येत न्हाई."

"अंडी धुतल्ती का नीट?"

"धुतल्ती."

छबुबाईने तुकडा नाकाशी धरला, अर्धा खाल्ला. उरलेला तेजश्रीला दिला आणि ती परसात अंडी गोळा करायला गेली, पदर नाकाला लावूनच.